तीव्र हृद्‌रोहिणी-विकार आणि काळाचे गणित : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

‘हार्ट अ‍ॅटॅक’ हा शब्द मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आता इतका रुळला आहे की, त्यास प्रतिशब्द शोधण्याची कोणास गरज वाटत नाही. तथापि या एका शब्दाखाली परस्परांहून भिन्न अशा काही अवस्था एकत्र घातल्या जातात, आणि त्यांपैकी कोणती अवस्था प्राप्त झाली आहे यावरच रुग्णास द्यावयाचा उपचार अवलंबून असतो. वैद्यक या सर्व अवस्थांना मिळून ‘अक्यूट कोरोनरी सिंड्रोम’ असे नाव देते. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना मराठी वैद्यकीय लेखनात ‘हृद्‌रोहिणी’ म्हणतात. त्यावरून प्रस्तुत लेखात ‘तीव्र हृद्‌रोहिणी-विकार’ ही संज्ञा योजिली आहे. या विकाराची कारणे, त्यावरील उपचार आणि रुग्णाचे पुढील आयुष्य यांचा येथे विचार करावयाचा आहे. मात्र तो करताना, हृद्‌रोगांची विशेष सोय असलेले शहर जेथून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे, अशा जिल्ह्यातील रुग्ण डोळ्यांपुढे ठेवला आहे.

छातीतील या विशिष्ट वेदनेचे पहिले नेटके वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७७२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु वेदनेचे मूळ हृद्‌रोहिणीत आहे हे मान्य होण्यास बराच काळ लागला. हृद्‌रोहिणी एकाएकी बंद पडली म्हणजे मनुष्य तत्काळ मरतोच, अशीच विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत समजूत होती. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये या समजुतीस धक्का दिला. धमनीत रक्ताची गुठळी अडकूनही रुग्ण काही तास, काही दिवस, किंबहुना अनेक वर्षे जगू शकतो, असे त्यांनी दाखविले. यानंतर एक वाद उभा राहिला व तो दीर्घकाळ चालला. शवविच्छेदनात गुठळी कधी आढळे, कधी आढळत नसे. तेव्हा गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम? या वादाचा निकाल १९८० मध्ये लागला. मार्कस डीवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत आलेल्या १२६ रुग्णांची धमनी-चित्रे काढली. त्यांपैकी ११० जणांत, म्हणजे शेकडा ८७ रुग्णांत, धमनी पूर्णपणे बंद होती. जसजसा वेळ जातो तसतशी काही गुठळी आपोआप विरघळते, म्हणून शवविच्छेदकास ती नेहमी सापडत नव्हती. गुठळी हे कारण ठरताच ती विरघळविणे हा उपचार ठरला, आणि या विषयातील पुढचे सर्व प्रश्न वेळेचे प्रश्न झाले.

ही गुठळी होते कशी, हे पाहण्यापूर्वी हृदयाची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. शरीरातील इतर स्नायू विश्रांतीच्या वेळी रक्तातील प्राणवायूचा लहानसा भागच घेतात. श्रम वाढले की अधिक घेतात. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही आपल्या वाट्याच्या रक्तातील सुमारे पाऊण हिस्सा प्राणवायू काढून घेत असतो. म्हणजे त्याच्यापाशी शिल्लक अशी नसतेच. गरज वाढली की त्यास अधिक रक्तच लागते, आणि रक्ताचा मार्ग अडला तर दुसरा आधार उरत नाही.

हा मार्ग अडविणारी प्रक्रिया पुष्कळ वर्षे निमूटपणे चालते. धमनीच्या आतल्या अस्तराखाली मेद साचतो, त्या मेदाभोवती पांढऱ्या रक्तपेशी जमतात, तेथे दाह सुरू होतो, आणि या सर्वांवर तंतूंचे एक पातळ आच्छादन चढते. यास ‘विलेप’ म्हणतात. सामान्य कल्पना अशी की, विलेप वाढत वाढत जाऊन एके दिवशी धमनी बुजते, जसा नळात क्षार साचून नळ बंद होतो. ही कल्पना चुकीची आहे, आणि तिच्यामुळे व्यवहारात नुकसान होते. मोठा, जुना, चुनखडीसारखा कठीण झालेला विलेप बहुधा चालताना छातीत दुखणे एवढाच त्रास देतो. घात करतो तो अनेकदा धमनीचा निम्मा मार्गही न व्यापणारा, आत मऊ मेद असलेला व वरचे आच्छादन पातळ झालेला विलेप. दाहामुळे हे आच्छादन एके क्षणी फाटते, आतला मेद रक्तास उघडा पडतो, रक्तातील बिंबाणू त्यास फाटलेली जखम समजून तेथे धावतात आणि काही मिनिटांत गुठळी तयार होते. क्वचित आच्छादन न फाटता वरचे अस्तर केवळ झिजते आणि तेवढ्यानेही गुठळी जमते. ‘काल संध्याकाळपर्यंत धडधाकट होता, रानात पाणी देऊन आला’ असे जे नातेवाईक सांगतात ते यामुळे अगदी खरे असू शकते. त्या माणसाची आदल्या दिवशी तपासणी केली असती तरी तीत काही सापडले असतेच असे नाही.

विलेप कोणास व का होतो, यावर ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मोठा प्रकाश टाकला. धूम्रपान, रक्तातील मेदांचे विषम प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळभाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची रीत अशा नऊ गोष्टींनी पहिल्या झटक्यांचा शेकडा नव्वदांहून अधिक भाग स्पष्ट होतो, असे त्यात दिसून आले. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत ही सरासरी ५८.८ आहे. या फरकासाठी आपल्या रक्तातच काही गूढ दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. वरील नऊ गोष्टींपैकी बहुतेक आपल्याकडे कमी वयातच आढळतात, हेच त्याचे मुख्य कारण त्या अभ्यासात दिसले. हिंगोलीकडच्या वाचकास आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा वाटावा. तंबाखू चघळणाऱ्यास, ती मुळीच न वापरणाऱ्याच्या तुलनेने, झटक्याचा धोका सुमारे सव्वादोन पट, तर बिडी ओढणाऱ्यास जवळजवळ तिप्पट आढळला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू ही बंदीच्या कक्षेत येत नाही आणि लोकांच्या लेखी ती व्यसनातही मोडत नाही. ‘कसले व्यसन आहे का?’ या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या रुग्णाच्या खिशात चंची असते, हा अनुभव ग्रामीण भागात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरास नवा नाही. प्रश्नच निराळ्या शब्दांत विचारावयास हवा.

आता विकाराच्या तीन अवस्था. गुठळीने धमनी अंशतः अडविली, पण स्नायू मेला नाही, तर तो अस्थिर हृद्‌शूल. अंशतः अडवून काही स्नायू मेला, आणि रक्तात ट्रोपोनिन हे स्नायूतील प्रथिन उतरले, तर तो एक प्रकारचा झटका. यात ईसीजीवरील एस्‌टी खंड वर उचललेला नसतो. धमनी पूर्ण बुजून स्नायूची सबंध जाडी धोक्यात आली, तर ईसीजीवर एस्‌टी खंड वर उचललेला दिसतो. हा तिसरा प्रकार सर्वांत घाईचा. गुठळी विरघळविणारे औषध या तिसऱ्या प्रकारातच द्यावयाचे असते. पहिल्या दोहोंत त्याचा उपयोग होत नाही, उलट रक्तस्रावाचा धोका मात्र पत्करावा लागतो. म्हणून ईसीजी काढल्यावाचून उपचाराची दिशा ठरूच शकत नाही. ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट पाहणे मात्र या तिसऱ्या प्रकारात अयोग्य होय. कागदाच्या पट्टीवरील रेघ पुरेशी असते.

रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यानंतर साधारणपणे वीस ते चाळीस मिनिटांत स्नायूपेशी मरू लागतात. हे मरण एकदम सर्वत्र येत नाही. हृदयाच्या भिंतीच्या आतल्या पदरापासून ते सुरू होते आणि लाटेप्रमाणे बाहेरच्या पदराकडे सरकत जाते. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांवरील प्रयोगांत ही लाट दाखवून दिली. सुमारे सहा तासांत वाचविण्याजोगे बहुतेक संपलेले असते. या सहा तासांतील सर्व तास सारख्या मोलाचे नाहीत, हेही ओघाने आलेच.

आपल्या देशात रुग्ण या काळाचे काय करतो? ‘क्रिएट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदणी-अभ्यासात ५० शहरांतील ८९ रुग्णालयांतून २०,४६८ रुग्णांची माहिती गोळा झाली, आणि ती २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यगत वेळ ३६० मिनिटे होता. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळविणारे औषध सुरू होण्यास लागलेला मध्यगत वेळ होता ५० मिनिटे. म्हणजे लाट सरकत असता तिचा बहुतेक प्रवास घरी आणि रस्त्यावर होऊन गेला होता. हे आकडे शहरांतील रुग्णालयांचे आहेत, हेही विसरता कामा नये.

घरी जाणारा वेळ हा बहुतेक ‘पित्ता’चा असतो. छातीत भरून आले, दरदरून घाम सुटला, जबड्यात किंवा डाव्या खांद्यात कळ गेली, तर पहिला तर्क पित्ताचा किंवा गॅसचा होतो आणि सोडा, ओवा, पित्ताची गोळी असे उपाय क्रमाने होतात. या तर्कास हसण्याचे कारण नाही. हृदयाच्या तळाकडील भिंतीचा झटका असेल तर मळमळ व उलटी खरोखरच होते, आणि वृद्धांत, स्त्रियांत व मधुमेह्यांत वेदना अस्पष्ट असते किंवा नसतेही. उन्हाळ्याच्या तोंडाशी, हळद शिजविण्याच्या दिवसांत, कढईजवळ दिवसभर राबणाऱ्यास घाम येणे आणि थकवा वाटणे यात कोणासही काही विशेष दिसत नाही.

आता जिल्ह्याचा नकाशा पाहावा. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि शंभरांतील सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहत होती. वसमतहून नांदेड जवळ आहे. हिंगोली शहराहून ते ८० ते ९० किलोमीटर पडते, आणि सेनगाव हिंगोलीच्याही पलीकडे. छत्रपती संभाजीनगर तर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि वैद्यकीय महाविद्यालय आणि चोवीस तास चालणारी अँजिओप्लास्टीची व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी यंत्र, तज्ज्ञ, परिचारिका व तंत्रज्ञ यांचा मध्यरात्रीही हजर असणारा संच लागतो.

अँजिओप्लास्टी म्हणजे मनगटातील किंवा मांडीतील धमनीतून बारीक नळी हृद्‌रोहिणीपर्यंत नेऊन फुग्याने अडथळा दूर करणे, आणि बहुधा तेथे स्टेंट ही जाळीची नळी बसविणे. आंद्रेआस ग्रुंट्‌झिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे पहिली अँजिओप्लास्टी केली. झटक्यातील रुग्णास ती वेळेवर मिळाली तर औषधाहून सरस ठरते, याविषयी आता वाद नाही. २००३ मध्ये २३ चाचण्यांचे एकत्रित परीक्षण झाले तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतील मृत्यू औषधाने शेकडा ९ तर अँजिओप्लास्टीने ७ आढळले. परंतु ‘वेळेवर’ या शब्दाचा अर्थ वैद्यकीय मार्गदर्शिकांनी निश्चित केला आहे. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत धमनीत तार जाणार असेल तरच हा मार्ग धरावा. एरवी प्रथम औषध द्यावे.

समजा, सेनगाव तालुक्यातील एका शेतकऱ्यास पहाटे तीन वाजता कळ आली. तासभर पित्त समजण्यात गेला. वाहन मिळवून तो साडेपाचला हिंगोलीस पोहोचला आणि ईसीजीवर निदान झाले. ‘येथे काही होणार नाही, नांदेडला न्या’ असे सांगण्यात आले. पैसे, सोबतीची माणसे आणि गाडी जमवून निघेपर्यंत साडेसहा. रस्ता दोन तासांचा. नांदेडला नोंदणी, संमती, पुन्हा ईसीजी, आणि संच जमून धमनी उघडेपर्यंत दहा. निदानापासून साडेचार तास, कळ सुरू झाल्यापासून सात. याउलट हिंगोलीतच औषध टोचले असते तर ते पावणेसहाला, म्हणजे पावणेतीन तासांत, मिळाले असते. सदर उदाहरण कल्पित आहे. त्यातील प्रत्येक टप्पा मात्र वाचकाने आपल्या माहितीच्या घटनेशी ताडून पाहावा.

हे औषध नवे नाही. विशिष्ट जातीचे स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्ताची गुठळी विरघळवितात, हे टिलेट आणि गार्नर यांना १९३३ मध्येच आढळले होते. त्यापासून स्ट्रेप्टोकायनेज आले. इटलीतील ‘जिसी’ या चाचणीत (१९८६) ११,८०६ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. पहिल्या तासात ज्यांना ते मिळाले त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. दोन वर्षांनी ‘आयसिस-२’ मध्ये १७,१८७ रुग्णांवरील निष्कर्ष आले. काहीच न मिळालेल्या गटात पाच आठवड्यांत रक्तवाहिन्यांच्या विकाराने शेकडा १३.२ दगावले, स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्या गटात ८. या घटीत ॲस्पिरिनचा वाटा जवळजवळ स्ट्रेप्टोकायनेजएवढाच होता. काही पैशांना मिळणाऱ्या गोळीविषयी याहून विलक्षण निष्कर्ष वैद्यकाच्या इतिहासात फारसे नसतील. पुढे १९९६ मध्ये बोर्स्मा व सहकाऱ्यांनी अशा चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला : पहिल्या तासात औषध दिल्यास दर हजारी ६५ जीव वाचतात, दुसऱ्या तासात ३७, तीन ते सहा तासांत २९. घड्याळाचा पहिला काटा सर्वांत महाग.

औषधाच्या दोन मर्यादा आहेत आणि त्या लपविण्याचे कारण नाही. पहिली, रक्तस्राव, विशेषतः मेंदूतील. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्या, नुकताच पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा चालू रक्तस्राव असलेल्या रुग्णास ते देता येत नाही, आणि अतिवृद्धांत मात्रा विचारपूर्वक ठरवावी लागते. दुसरी मर्यादा अशी की, ते सर्वांत यशस्वी होत नाही. यावरील तोड म्हणजे औषध आणि अँजिओग्राफी यांची सांगड. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ चाचणीत तीन तासांच्या आत आलेल्या, परंतु तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणाऱ्या १,८९२ रुग्णांची तुलना झाली. अर्ध्यांना टेनेक्टेप्लेज हे एकाच टोचणीत द्यावयाचे औषध देऊन मग मोठ्या रुग्णालयात नेले. अर्ध्यांना थेट अँजिओप्लास्टीसाठी. मृत्यू, शॉक, हृदय-अकार्यक्षमता वा पुन्हा झटका यांपैकी काही एक पहिल्या गटात शेकडा १२.४ जणांना झाले, दुसऱ्यात १४.३, दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरले. औषध दिलेल्यांपैकी शेकडा ३६ जणांना मात्र तातडीने अँजिओग्राफी करावी लागली. यातून हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी क्रम स्पष्ट होतो. औषध येथे, आणि प्रवास औषधानंतर. ‘पाठवा’ हा उपचार नव्हे. तद्वतच औषध देऊन रुग्णास येथेच ठेवून घेणे हाही अर्धवट उपचार होय, कारण तिघांतील एकाची धमनी बंदच राहिलेली असते.

अडचण औषधाच्या किमतीची तितकी नाही, जितकी निर्णयाची आहे. मध्यरात्री एकटा असलेला तरुण वैद्यकीय अधिकारी ईसीजी पाहून मेंदूत रक्तस्राव होऊ शकणारे औषध टोचण्यास कचरतो, आणि यात त्याचा भित्रेपणा नाही. तमिळनाडूने या अडचणीवर जो तोडगा काढला त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान रुग्णालये मोठ्यांशी जोडली, ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञास दिसेल अशी सोय केली, रुग्णवाहिका व विमा योजना त्यात गुंफल्या. २,४२० रुग्णांच्या या पाहणीत वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले. नवीन औषध यात काहीच नव्हते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि तीत डॉक्टर असतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा खर्च मिळतो. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीस मर्यादा घातली. धागे आहेत, ते ओवण्याचे काम जिल्ह्याच्या पातळीवरचे आहे.

‘क्रिएट’ मधील आणखी एक निष्कर्ष समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा असा आहे. तीस दिवसांतील मृत्यू गरीब रुग्णांत शेकडा ८.२ आणि श्रीमंतांत ५.५ होते. गरिबांचे वय, त्यांची व्यसने, त्यांचे इतर रोग यांचा हिशेब घेऊनही हा फरक मिटला नाही. त्यांना मिळालेल्या उपचारांचा हिशेब घेताच तो नाहीसा झाला.

झटक्यातून वाचलेल्याचे पुढे काय होते, हे किती स्नायू मेला यावर प्रथम अवलंबून असते. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण येतो. व्रण आकुंचन पावत नाही. त्याचे काम उरलेल्या स्नायूवर पडते, आणि हृदयाचा डावा कप्पा काही महिन्यांत ताणून मोठा व गोल होत जातो. सहा महिन्यांनी पायांवर सूज, उताणे निजताच दम, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाचा रोग नवा नसतो. तो त्या पहाटेच्या सात तासांचा हप्ता असतो. एसीई-रोधक औषधे हे ताणणे रोखतात, असे १९९२ च्या ‘सेव्ह’ चाचणीने सिद्ध केले. मेद कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिनने ४,४४४ हृद्‌रोग्यांत एकंदर मृत्यू सुमारे शेकडा ३० ने घटविले, हे १९९४ मध्ये कळले. तंबाखू सोडण्याचा लाभ यांतील कोणत्याही गोळीहून कमी नाही.

पण गोळ्या घेतो कोण? ‘प्युअर’ या २०११ च्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या देशांत, आणि यांत भारताची गणना होती, हृद्‌रोग वा पक्षाघात होऊन गेलेल्या शंभरांपैकी ८० जण त्यासाठीचे एकही औषध घेत नव्हते. ‘स्टेंट टाकला, आता ब्लॉक निघाला’ या समाधानात गोळ्या संपतात आणि दुसरी चिठ्ठी होत नाही. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. विलेप मात्र तिन्ही प्रमुख धमन्यांत असतो. शिवाय नव्या स्टेंटवर अस्तर चढण्यापूर्वी बिंबाणूंविरुद्धची दोन औषधे अवेळी बंद केली तर त्याच जाळीत गुठळी होते, आणि हा दुसरा झटका बहुधा पहिल्याहून घातक असतो.

एक बारीकशी गोष्ट शेवटी नोंदवितो. स्ट्रेप्टोकायनेज हे जंतूपासून आलेले प्रथिन असल्याने शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे दुसऱ्या झटक्यात तेच औषध निष्फळ ठरण्याचा संभव असतो, व टेनेक्टेप्लेजसारखे दुसरे औषध योजावे लागते. रुग्ण घरी जातो तेव्हा त्याच्या कागदावर ‘थ्रोम्बोलिसिस केले’ एवढेच पुष्कळदा लिहिलेले असते. औषधाचे नाव आणि तारीख लिहावी, आणि झटका ओसरल्यानंतरचा ईसीजी त्यास जोडावा. पुढच्या वेळी पहाटे साडेपाचला तो कागद पाहणारा डॉक्टर निराळाच असणार आहे.